प्राचीन ग्रीसमधले शेतकरी आणि त्यांचे वर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत अथेन्सचं नाव सारखं येईल. ग्रीस हा तेव्हा एक देश नव्हता. शेकडो छोटी नगरराज्यं होती आणि प्रत्येकाचे कायदे निराळे होते. त्यातल्या अथेन्सचीच भाषणं, शिलालेख, नाटकं भरपूर उरली, म्हणून शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत आपल्याला तिथेच पोचता येतं. स्पार्टा आणि सिराक्यूजबद्दल वाचक नेहमी विचारतात, ते प्रश्न पुढे घेतले आहेत.

सोलोनने चार वर्ग पाडले म्हणजे नेमकं काय केलं?

सोलोन इ.स.पू. 594 च्या सुमारास अथेन्सचा आर्खोन, म्हणजे मुख्य अधिकारी झाला. तोवर सत्ता खानदानी घराण्यांकडे होती. कोणाच्या पोटी जन्मलात यावर पद ठरायचं. सोलोनने कुळ बाजूला सारलं आणि विचारलं, वर्षाला तुझ्या घरात किती माल येतो?

धान्य, वाइन आणि तेल मिळून वर्षाला 500 मापं भरली तर तो 'पेन्ताकोसिओमेदिम्नोस', शब्दशः पाचशे मापांचा माणूस. 300 भरली तर 'हिप्पेउस', घोडा पोसू शकणारा. 200 भरली तर 'झेउगितेस', जूवाला. त्याखालचे सगळे 'थेतेस'. पहिल्या वर्गाच्या नावातच त्याचं माप आहे. बाकीची तीन नावं समाजात आधीपासून रुळलेली असावीत, असं त्यांच्या घडणीवरून दिसतं.

ही माहिती कुठून मिळते?

मुख्यतः ॲरिस्टॉटलच्या परंपरेतल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरच्या ग्रंथातून, प्लुटार्कने लिहिलेल्या सोलोनच्या चरित्रातून आणि खुद्द सोलोनच्या कवितांच्या तुकड्यांतून. राज्यघटनेचा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरून तो 1891 मध्ये छापला गेला. त्या पपायरसच्या दर्शनी बाजूला काय आहे ठाऊक आहे? एका शेताच्या कारभाऱ्याने मालकासाठी इ.स. 78-79 मध्ये मांडलेला जमाखर्च. तो कागद रद्दी झाल्यावर कोणीतरी मागच्या कोऱ्या बाजूवर ग्रंथ उतरवून घेतला. शेतकऱ्यांच्या वर्गांची सगळ्यात महत्त्वाची नोंद एका शेताच्याच हिशेबाच्या पाठीवर टिकून राहिली. हे मी जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा त्या अनोळखी कारभाऱ्याचे आभार मानावेसे वाटतात.

मेदिम्नोस म्हणजे किती? आपल्या हिशेबात सांगा.

वर जी मापं आली, ती हीच. साधारण 52 लीटरचं कोरडं माप. जव भरला तर अंदाजे 33 किलो. म्हणजे 500 मापं जव सुमारे 165 क्विंटल, 300 मापं शंभर क्विंटलच्या आसपास आणि 200 मापं 66 क्विंटल.

आणखी एक हिशेब करून बघा. एका मेदिम्नोसमध्ये 48 खोइनिक्स असत आणि एक खोइनिक्स म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं धान्य, असं ग्रीक लोक धरायचे. या हिशेबाने 200 मापांत 26 माणसांचं वर्ष निघतं. 500 मापांत 65 जणांचं. एका कुटुंबाच्या पोटाला लागेल त्याहून हे किती जास्त आहे, ते लक्षात घ्या. पुढच्या एका वादाचं मूळ इथेच आहे.

एकर न मोजता पीक का मोजलं?

आटिका म्हणजे अथेन्सभोवतीचा मुलूख, तिथली जमीन बघितली की कळतं. पाऊस वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास. खडकाळ डोंगरउतार, पातळ माती. गव्हापेक्षा जवच जास्त पिकायचा. दरीतली दहा एकर आणि उतारावरची दहा एकर यांची बरोबरी कशी करणार? खळ्यावर पडलेली रास मात्र खोटं बोलत नाही.

उतारावरच्या जमिनीची एक गोष्ट त्याच राज्यघटनेच्या ग्रंथात आहे. सोलोननंतर अथेन्सची सत्ता पेइसिस्त्रातोसने बळकावली आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा कर बसवला. तो हिमेत्तोस डोंगराकडे फिरत असताना एक शेतकरी निव्वळ दगड खणताना दिसला. "या रानातून तुला काय मिळतं?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "दुखणी आणि वेदना. त्यांचाही दहावा हिस्सा पेइसिस्त्रातोसने न्यावा." समोर कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. पेइसिस्त्रातोसला त्याचा सडेतोडपणा आणि कष्ट भावले, त्याने त्याचा कर माफ केला. पुढे त्या जागेला 'करमुक्त रान' असं नाव पडलं.

उत्पन्न मोजण्यात एक अडचण राहतेच. धान्य आणि द्रव एकाच मापात मोजायचे म्हणजे तेलाचं एक माप आणि जवाचं एक माप सारखंच धरलं जाणार, आणि तेलाची किंमत तर कितीतरी जास्त. प्रत्यक्षात ही मोजणी दरवर्षी घरोघरी जाऊन होत असे, याचा पुरावा नाही. माणूस स्वतःचा वर्ग सांगायचा आणि गावातले लोक त्याला ओळखून असायचे.

'झेउगितेस' म्हणजे बैलजोडीवाला शेतकरी का?

नावात 'झेउगोस' आहे, म्हणजे जोडी, आणि त्याच्या मुळाशी 'झिगोन' म्हणजे जू. संस्कृतातलं 'युग' आणि त्यातून आलेलं आपलं 'जू' हे याच 'झिगोन'चे सख्खे नातलग आहेत. एकाच आदिभाषेतून निघालेला हा शब्द बैलाच्या मानेवरून दोन्हीकडे उतरला. मराठी वाचकाला या वर्गाचं नाव भाषांतर न करताही अर्धं कळतं ते यामुळेच.

अर्थाबद्दल दोन मतं आहेत. एक मत, ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे तो. दुसरं मत, लढाईत ढालीला ढाल लावून रांगेत जुंपला जाणारा पायदळ सैनिक, म्हणजे होप्लाइट. मला पहिलं मत जास्त पटतं. बैलजोडी वर्षभर पोसायची तर चारा आणि दाणा मुबलक लागतो, आणि ज्याचं शेत तेवढं नाही त्याला कुदळीनेच खणावं लागतं. गावात माणसाची पत कळण्यासाठी याहून उघड खूण दुसरी नसेल.

मग हा मध्यम शेतकरी होता की सधन?

याच प्रश्नावर अभ्यासकांचं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

जुनी समजूत अशी की झेउगिताई (झेउगितेसचं अनेकवचन) म्हणजे मध्यम, स्वतः राबणारा शेतकरी, अथेन्सच्या लोकशाहीचा कणा. अशा होप्लाइट शेतकऱ्याची जमीन सहसा 40 ते 60 प्लेथ्र धरतात. आपल्या हिशेबात 9 ते 13 एकर.

आता 66 क्विंटल जव काढायला किती जमीन लागेल ते बघू. हेक्टरी आठ क्विंटल धरले तरी वीस एकर पेरावी लागेल. त्यात ग्रीक शेतकरी जमीन सहसा एक वर्ष पेरायचा आणि एक वर्ष पड ठेवायचा. म्हणजे चाळीस एकर हाताशी हवी. नऊ एकरवाला तिथे पोचतच नाही. वेल-ऑलिव्हचं उत्पन्न धरून आकडा थोडा खाली येईल, पण फार नाही. तुलनेसाठी, अल्किबिआदिसची अथेन्समधल्या बड्या धनिकांत गणना व्हायची आणि त्याची जमीन 300 प्लेथ्रांहून कमी, म्हणजे 65-70 एकरांच्या आत असल्याचा उल्लेख आहे.

म्हणून काही अभ्यासक म्हणतात की सोलोनचे वरचे तीनही वर्ग मिळून श्रीमंतच होते आणि आपण ज्याला कष्टाळू शेतकरी म्हणतो त्यातला बहुतेक 'थेतेस'मध्ये बसायचा. हा हिशेब मी स्वतः दोनतीनदा मांडून पाहिला आहे आणि मला हेच खरं वाटतं. 200 मापांची रेघ फार उंचावर ओढलेली होती.

थेतेस म्हणजे भूमिहीन मजूर का?

शब्दाचा जुना अर्थ आपल्या 'सालगडी' शब्दाच्या अगदी जवळ जातो. होमरच्या 'इलियड'मध्ये पोसेइदोन आणि अपोलो या देवांनी त्रॉयच्या लाओमेदोन राजाकडे एक वर्ष ठरलेल्या मजुरीवर काम केल्याची आठवण येते, आणि तिथलं क्रियापद याच शब्दापासून बनलेलं आहे. एकाने तटबंदी बांधली, दुसऱ्याने गुरं राखली. साल भरल्यावर राजाने मजुरी बुडवली, वर हातपाय बांधून परमुलखात विकीन, कान कापीन, अशी धमकी दिली. देवांची ही गत, तर माणसाची काय होत असेल ते ऐकणाऱ्याला सांगावं लागत नसे. 'ओडिसी'त मेलेला वीर अखिलेस म्हणतो, मृतांचा राजा होण्यापेक्षा जमीन नसलेल्या गरिबाच्या घरी थेस (थेतेसचं एकवचन) म्हणून राबणं मला चालेल. दुःखाची तळाची पायरी दाखवायला कवीला हाच माणूस आठवला.

सोलोनच्या वर्गीकरणात मात्र हा शब्द फार पसरट झाला. त्यात खरा भूमिहीन होता, चार एकरवाला होता, आणि वर सांगितलेला हिशेब मान्य केला तर चांगलं खाऊनपिऊन असलेलाही होता. अथेन्सच्या बहुतेक नागरिकांकडे थोडी का होईना, जमीन होती. इ.स.पू. 403 मध्ये फोर्मिसिओसने प्रस्ताव आणला की नागरिकत्व फक्त जमीनधारकांना ठेवा. तो मंजूर झाला असता तर सुमारे 5000 लोक बाहेर पडले असते असं सांगितलं गेलं, म्हणजे बाकीच्यांच्या नावावर जमीन होती.

सोलोनच्या आधी कर्जबाजारी शेतकऱ्याचं काय व्हायचं?

तो विकला जायचा. कर्ज अंगावर काढलेलं असे, म्हणजे तारण स्वतःचं शरीर. फेड झाली नाही तर सावकार त्याला, त्याच्या बायकापोरांना गुलाम करू शकत होता, आणि काहींना समुद्रापार विकलं गेलं. याशिवाय 'हेक्तेमोरोई' नावाचे लोक होते, षष्ठांशवाले. प्लुटार्क सांगतो की ते पिकाचा सहावा हिस्सा जमीनवाल्याला देत. काही अभ्यासकांच्या मते ते सहावा हिस्सा स्वतःकडे ठेवत आणि पाच द्यायचे. आपल्याकडची अर्धेल ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना या दोन अर्थांतलं अंतर समजावून सांगायला नको.

अशा जमिनींवर 'होरोई' म्हणजे दगडी खुणा रोवलेल्या असत. सोलोनने अंगावरचं कर्ज कायमचं बंद केलं, आधीची कर्जं रद्द केली. या सुधारणेला 'सेइसाख्थेइआ' म्हणतात, ओझं झटकून टाकणं. एका कवितेत तो काळ्या धरणीमातेलाच साक्षीला बोलावतो. तिच्या अंगात जागोजागी रोवलेले दगड मी उपटले, ती आधी गुलाम होती, आता मोकळी आहे. आणि परदेशी विकले गेलेले काही लोक परत आणले, भटकून भटकून ज्यांच्या तोंडातली आपली भाषाही गेली होती, असं तो सांगतो. सोलोनच्या साऱ्या कामात मला ही एक ओळ सगळ्यात मोठी वाटते. वर्ग, पदं, हक्क हे सगळं नंतरचं. आधी माणूस स्वतःच्या अंगाचा मालक व्हायला हवा होता.

त्याने जमिनीचं फेरवाटप केलं का?

नाही. गरिबांची तशी मागणी होती, त्याने ती नाकारली आणि दोन्ही बाजूंची नाराजी ओढवून घेतली.

मग शेतीसाठी दुसरे कायदे?

केले, आणि ते वाचताना तो शेताच्या बांधावर उभा राहून लिहितोय असं वाटतं. शेजाऱ्याच्या हद्दीपासून झाड पाच फुटांवर लावायचं, पण अंजीर किंवा ऑलिव्ह असेल तर नऊ फुटांवर, कारण त्यांची मुळं लांब पसरतात. सार्वजनिक विहीर सुमारे 700 मीटरच्या आत असेल तर तिचंच पाणी भरायचं. लांब असेल तर स्वतःची खणायची. दहा पुरुष खोल खणूनही पाणी लागलं नाही तर शेजाऱ्याच्या विहिरीवरून दिवसातून दोनदा, सुमारे वीस लीटरचा हंडा भरून न्यायचा हक्क. प्लुटार्क म्हणतो, गरजवंताला मदत मिळावी, पण आळसाला नव्हे, हा त्यामागचा विचार. शेतमालापैकी फक्त तेल परदेशी विकायला परवानगी होती, धान्य बाहेर न्यायला बंदी.

कोणत्या वर्गाला कोणते हक्क?

अथेना देवीच्या खजिन्याचे खजिनदार फक्त पहिल्या वर्गातून निवडले जात. आर्खोनपद आधी वरच्या दोन वर्गांपुरतं होतं, इ.स.पू. 457 मध्ये ते झेउगिताईंना खुलं झालं. थेतेसना सोलोनने सभेत बसायचा आणि न्यायालयात ज्यूरी व्हायचा हक्क दिला. कागदावर हे शेवटचं फार किरकोळ दिसतं, पण अधिकाऱ्यांचे निवाडे न्यायालयात यायला लागले तशी खरी ताकद तिथेच गोळा झाली. शिवाय पाचव्या शतकात आरमाराची वल्ही मुख्यतः याच वर्गाने मारली. इ.स.पू. 480 मध्ये सालामिसला पर्शियन आरमार हटवणारे हात बव्हंशी त्यांचे होते.

खालच्या वर्गातून वर जाता येई का?

येई, जन्मावर ठरलेल्या व्यवस्थेपेक्षा हा मोठाच फरक. अक्रोपोलिसवर, म्हणजे अथेन्सच्या देवळांच्या टेकडीवर, अन्थेमिओन नावाच्या माणसाने देवांना एक पुतळा वाहिला होता. त्यावर कोरलं होतं की थेस वर्गातून हिप्पेउस वर्गात गेल्याबद्दल हे अर्पण. शेजारी घोडा उभा. इतिहासात शेतकऱ्यांचे वर्ग म्हटलं की आकडे येतात. इथे मात्र एका माणसाचा आनंद दगडात दिसतो.

हेसिओड कोणत्या वर्गातला?

हेसिओड म्हणजे शेतीवर काव्य लिहिणारा जुना ग्रीक कवी. तो अथेन्सचा नव्हे, बिओशियातल्या अस्क्रा गावचा, आणि सोलोनच्या शंभरेक वर्षं आधीचा. म्हणून त्याला या चौकटीत बसवू नये. पण त्याच्या काव्यातलं शेत डोळ्यांपुढे उभं राहतं. नऊ वर्षांचे दोन बैल घ्यावेत, ते ऐन ताकदीत असतात आणि तासात भांडून नांगर मोडत नाहीत. मागे चाळिशीचा गडी हवा, भरपूर भाकरी खाल्लेला, सरळ तास काढणारा, सवंगड्यांकडे बघण्याचं वय सरलेला. त्याच्या मागे कुदळी घेऊन एक गुलाम पोर, बी मातीआड करायला, म्हणजे पाखरांना त्रास पडेल. दोन नांगर तयार ठेवावेत, एक मोडला तर दुसरा. एवढी तयारी करणारा माणूस गरीब नव्हता. तरी त्याला सगळ्यात मोठी भीती कसली? शेजाऱ्याच्या दारात दाणे मागायला जायची.

शेतावर गुलाम किती असत?

श्रीमंतांकडे नक्की, मध्यम घरात बहुधा एखाद-दुसरा. मेनान्द्रोसच्या एका नाटकातला म्हातारा क्नेमोन फिले भागात दोन तालान्त (तालान्त म्हणजे तेव्हाची मोठी रक्कम) किमतीची जमीन एकट्याने कसतो, ना गुलाम, ना मजूर, आणि बाकीच्या पात्रांना हे विचित्र वाटतं. एवढी जमीन असताना माणसं न ठेवणं हे लोकांच्या लक्षात येण्याजोगं होतं.

स्पार्टात असेच वर्ग होते का?

तिथे सगळं उलटं. स्पार्टाचा नागरिक नांगराला हात लावत नसे. त्याची जमीन हेलॉट कसायचे, जे त्या मातीला बांधलेले होते. तिर्तेओस कवी स्पार्टाने जिंकलेल्या शेजारच्या मेस्सेनियातल्या शेतकऱ्यांचं वर्णन करतो, ओझ्याखाली वाकलेल्या गाढवांसारखे ते पिकाचा निम्मा हिस्सा धन्याकडे वाहून नेतात.

पण तिथल्या नागरिकाची पतही शेतमालावरच टांगलेली होती. त्याला दर महिन्याला सामुदायिक भोजनासाठी जव, वाइन, चीज आणि अंजीर द्यावे लागत. प्लुटार्कच्या यादीत जव एक मेदिम्नोस आहे. वर्गणी थकली की नागरिकत्व गेलं. जमीन मोजक्या घरांत गोळा होत गेली तसे वर्गणी भरणारे घटले. इ.स.पू. 479 मध्ये प्लाताइआच्या लढाईत 5000 स्पार्टन नागरिक होते, 371 मध्ये लेउक्त्राला फक्त 700, आणि त्यातले 400 पडले. दोन वर्षांनी मेस्सेनियाचे हेलॉट स्वतंत्र झाले.

'जमीन वाटून घेणारे' असा शब्द वाचला, तो गरीब की श्रीमंत?

गावावर अवलंबून. अथेन्सच्या जुन्या परंपरेत 'गेओमोरोई' म्हणजे खानदानी घराण्यांच्या खालचे साधे शेतकरी. सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये तोच शब्द 'गामोरोई' असा, आणि तिथे तो सत्ताधारी जमीनदारांचा. पहिल्या वसाहतकऱ्यांनी जमीन वाटून घेतली, त्यांचे वंशज वर बसले. त्यांची शेतं कसणाऱ्या वेठबिगारांनी आणि सामान्य लोकांनी मिळून पुढे त्यांना हाकलून दिलं, मग सिसिलीतल्याच गेलोन या हुकूमशहाने परत आणलं.

स्त्रियांच्या आणि परक्यांच्या नावावर जमीन असे का?

अथेन्समध्ये बाहेरून येऊन राहिलेल्या 'मेतिक' लोकांना खास परवानगीशिवाय जमीन घेता येत नसे, मग ते कितीही श्रीमंत असोत. मुलगे नसतील तर मुलीबरोबर बापाची जमीन जायची, पण ती तिच्या हक्काची नसे. जवळच्या नातलगाने तिच्याशी लग्न करायचं आणि जमीन पुढे तिच्या मुलांकडे. मुलगे असतील तर सगळ्यांत सारखी वाटणी. हेसिओड एकच मुलगा असावा म्हणतो, त्याचं कारण यात आहे. त्याचं स्वतःच्या भावाशी वाटणीवरूनच भांडण होतं.

हे वर्ग शेवटी कधी गेले?

कायदा कोणी रद्द केला नाही, तो झिजत गेला. पैशाने मालमत्ता मोजायची रीत आली आणि मापं मागे पडली. इ.स.पू. 322 मध्ये मासेदोनियाच्या अन्तिपातेरने अथेन्सवर नवी अट लादली. 2000 द्राख्मांची (द्राख्मा हे चांदीचं नाणं) मालमत्ता असेल तरच नागरिक म्हणून पूर्ण हक्क. सुमारे 9000 लोक उरले, हजारो बाहेर पडले.

त्याआधीच्या काही दशकांत अथेन्समध्ये कायदा तसाच होता आणि वागणं वेगळं होतं. राज्यघटनेचा तो ग्रंथ सांगतो की खजिनदार पाचशे मापवालाच हवा हा नियम अजून लागू आहे, पण चिठ्ठीत नाव निघालेला माणूस अगदी गरीब असला तरी काम करतो. आणि कुठल्याही पदासाठी उभ्या राहिलेल्याला तुझा वर्ग कोणता असं विचारतात, तेव्हा 'थेस' असं उत्तर कोणीच देत नाही.